परिषदेची भाषा, वर्गाची भाषा

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात शिक्षण-तंत्रज्ञानावर दोन दिवसांची परिषद होती. शनिवारी माझे तास कमी असतात, म्हणून मुख्याध्यापकांनी शाळेतर्फे माझं नाव पाठवलं. गळ्यात ओळखपत्र, हातात फोल्डर आणि पेन घेऊन मी मागून तिसऱ्या रांगेत बसले. दुपारच्या सत्रात एक वक्ते घरून शिकणाऱ्या मुलांचा सहभाग कसा मोजावा, हे आलेखांवर दाखवत होते. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मी हात वर केला आणि मराठीत विचारलं, "घरात एकच फोन. तो रिक्षा चालवणाऱ्या वडिलांबरोबर दिवसभर रस्त्यावर. घरात तीन भावंडं, तीन वेगळ्या इयत्तांत. यात हजेरी कुणाची आणि कशी लावायची?"

काही लोक हसले. कुचेष्टेने नाही, ओळखीचं काही ऐकल्यावर हसतात तसे. वक्ते सभ्य होते. प्रश्न महत्त्वाचा आहे, चहाच्या वेळी बोलू, असं ते इंग्रजीत म्हणाले. चहाच्या वेळी त्यांच्याभोवती गर्दी होती, आणि मला साडेचारची गाडी पकडायची होती.

त्या रात्री मनात आलं, की शिक्षणाच्या परिषदा मुळात सुरू कशा झाल्या? कुणी भरवल्या, कुणासाठी, कोणत्या भाषेत? मग जमेल तसं वाचत गेले. हा लेख त्या वाचनाचा आहे.

मुंबई, डिसेंबर १९०३

आपल्या समाजाला शिक्षण परिषद ही गोष्ट नवी नाही. सर सय्यद अहमद खान यांनी डिसेंबर १८८६ मध्ये अलिगढला 'मुहम्मडन एज्युकेशनल काँग्रेस' भरवली. पुढे १८९० मध्ये तिच्या नावातलं 'काँग्रेस' जाऊन 'कॉन्फरन्स' आलं. एकट्या अलिगढच्या कॉलेजने देशभरचे मुसलमान शिकणार नाहीत, हे सर सय्यदना कळत होतं. म्हणून ही परिषद एका जागी न राहता दरवर्षी वेगळ्या शहरात जाऊ लागली. ज्यांना अलिगढला जाता येत नव्हतं, त्यांच्याकडे अलिगढचा विचार गाडीत बसून जायचा.

डिसेंबर १९०३ मध्ये ही परिषद मुंबईला आली. अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. हे वाटतं तितकं साधं नव्हतं. तय्यबजी १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते आणि सर सय्यद काँग्रेसच्या विरोधात होते. १८८८ मध्ये या दोघांमध्ये त्यावरून पत्रव्यवहार झाला आणि मतभेद मिटले नाहीत. सर सय्यद १८९८ मध्ये वारले. त्यानंतर पाचच वर्षांनी त्यांच्याच परिषदेच्या अध्यक्षपदी तय्यबजी बसले. राजकारणात न जुळलेली माणसं तालीमच्या प्रश्नावर एका मंचावर येऊ शकतात, हे त्या वर्षी मुंबईने पाहिलं. तय्यबजींनी तिथे मुलींच्या शिक्षणाचा मुद्दा आग्रहाने मांडला. १८७४ मध्ये त्यांनी, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे यांनी अंजुमन-ए-इस्लामची पायाभरणी केली होती. म्हणजे बोलणारा माणूस नुसता बोलणारा नव्हता.

पण एक गोष्ट मला टोचते. या परिषदेचा व्यवहार मुख्यतः उर्दूचा. 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' ही संस्थाही १९०३ मध्ये याच परिषदेच्या छायेत जन्माला आली. उर्दूची शिक्षिका म्हणून मला त्याचा अभिमानच आहे. पण मी मराठीही शिकवते, म्हणून दुसरी बाजूही दिसते. कोकणातल्या खाडीकाठच्या किंवा देशावरच्या मुसलमान घरात चुलीपाशी जी भाषा बोलली जात होती, ती या भाषेपासून काही पावलं लांबच होती. दूर असलेल्याकडे जाण्यासाठी निघालेली परिषद, आणि तिच्याही दारात भाषेचा एक उंबरठा होताच.

टपालाची पिशवी

आता थोडं दूर जाऊ. कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. डोंगर, जंगलं आणि बेटं. दीपगृहांवर आणि लाकूडतोड्यांच्या वस्त्यांवर राहणाऱ्या कुटुंबांची मुलं शाळेत जाऊ शकत नव्हती. तिथल्या सरकारने पहिल्या महायुद्धानंतर त्यांना टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली. मूल उत्तरं लिहून परत पाठवायचं, शिक्षक तपासून पुन्हा टपालात टाकायचा. त्याच प्रांतातल्या व्हिक्टोरिया शहरात १९३८ मध्ये पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आज जगभरची मुक्त विद्यापीठं ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली एकत्र येतात, तिचं मूळ हे.

ही परिषद १९७८ मध्ये नवी दिल्लीत भरली. तोवर भारताला या कामाचा अनुभव होता. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले होते, आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. नंतर १९८२ मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत संघटनेने आपलं नाव बदललं. 'पत्रद्वारा शिक्षण' गेलं, 'दूरशिक्षण' आलं.

नाव बदलल्याने काय होतं, असं कुणी म्हणेल. माझ्या मते बरंच होतं. 'पत्रद्वारा' या शब्दात साधन आहे: कागद, पाकीट, तिकीट. 'दूर' म्हटलं की लगेच प्रश्न येतो: कोण, कुणापासून, आणि का? दीपगृहावरचं मूल मैलांनी दूर होतं. ते अंतर टपाल कापू शकत होतं. पण जोगेश्वरीच्या चाळीतली मुलगी शाळेपासून दहा मिनिटांवर असूनही दूर असू शकते. पैशाने, घरकामाने, फोन नसल्याने किंवा भाषेने. हे अंतर कापायला पाकीट पुरत नाही.

कालिना

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझी बी.ए.ची पदवी मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यातल्या दूरशिक्षणाची आहे. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्या विभागाची नावंही काळाप्रमाणे बदलत गेली. आधी पत्रद्वारा अभ्यासक्रमांचं संचालनालय, मग दूरशिक्षण संस्था, मग सगळ्यांच्या तोंडी बसलेलं 'आयडॉल'. मी होते तेव्हा नव्वदचं दशक सरत होतं. अब्बा बेकरीत कामाला होते. मी सकाळी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, दुपारी अम्मीला शिवणकामात मदत करायचे आणि रात्री अभ्यासपुस्तिका उघडायचे.

संपर्क वर्गांना आम्ही जमायचो तेव्हा माझ्या बाकावर एक रेल्वेतला कारकून असायचा, एक परिचारिका आणि दोन मुलांची एक आई. आमच्यापैकी कुणाचंही गाव लांब नव्हतं. सगळे लोकल पकडून आले होते. तरी आम्ही सगळे दूरशिक्षणाचे विद्यार्थी होतो. नियमित कॉलेजच्या वेळापत्रकात ज्यांचं आयुष्य बसत नव्हतं, ते सगळे दूर. पुढे मी नियमित वर्गात बसून बी.एड. केलं, पण ते दार मला कालिन्यानेच उघडून दिलं.

त्याच सुमारास महाराष्ट्रात आणखी एक मोठं काम उभं राहिलं होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, जे पुढे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद. या विद्यापीठाची मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने मराठीत पुस्तकं तयार केली. शेतकऱ्याला, गृहिणीला, शिक्षकाला त्याच्या भाषेत पुस्तक दिलं तर तो घरी बसून शिकू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. उर्दूसाठी तशी मोठी संस्था १९९८ मध्ये आली: हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ. त्या विद्यापीठाची सुरुवातही दूरशिक्षणानेच झाली.

एकाच रस्त्याची दोन टोकं

आता आपल्या उपनगराकडे येऊ. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड जिथे पश्चिम द्रुतगती महामार्गाला मिळतो, तिथे टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज आहे. मुसलमान मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सर मोहम्मद युसुफ यांनी १९१४ मध्ये आठ लाख रुपये दिले, आणि त्यातून १९३० मध्ये हे कॉलेज सुरू झालं. त्याच रस्त्याने पूर्वेला जात राहिलं की पवईचा तलाव लागतो आणि आयआयटी मुंबई. ती १९५८ ची.

शिक्षण-तंत्रज्ञानाच्या बाबतीत पवई हे देशातलं एक मोठं केंद्र आहे. तिथे २०१० मध्ये या विषयाचा स्वतंत्र आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम सुरू झाला. 'टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन', म्हणजे 'टी-फोर-ई' नावाची परिषद २००९ मध्ये बंगळुरूला सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, पवईला भरली. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने पवईतून देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या अध्यापकांना थेट प्रक्षेपणाने प्रशिक्षण मिळू लागलं. 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटच्या कामातही पवईचा मोठा वाटा होता. त्याची दुसरी आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आली. ११ नोव्हेंबर हा मौलाना आझादांचा जन्मदिवस, राष्ट्रीय शिक्षण दिन.

मग २०१६ चा हिवाळा. २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर या काळात संगणक आणि शिक्षण या विषयावरची आशिया-पॅसिफिक विभागाची चोविसावी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. यजमान आयआयटी. लगेच त्याला जोडून 'टी-फोर-ई'ही तिथेच झाली. अनेक देशांतले संशोधक एका आठवड्यासाठी पवईत होते. मूल चुकतं तेव्हा नेमकं काय चुकतं, हे यंत्राने कसं ओळखावं, शिक्षकाला त्यातून काय कळावं, अशा विषयांवर निबंध वाचले गेले. हे फालतू प्रश्न नाहीत. मी रोज वर्गात त्यांच्याशीच झुंजते.

त्या आठवड्यात मी कुठे होते? ८ नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या होत्या, आणि शाळा सुटली की आम्ही शिक्षिका एटीएमच्या रांगेत उभ्या राहायचो. अंधेरी स्टेशनबाहेरच्या आगरकर चौकातून पवईला जाणारी बस माझ्या डोळ्यांसमोरून सुटायची. तिकडे काय चाललंय याची आमच्या शिक्षक-खोलीत कुणालाही कल्पना नव्हती. यात कुणाचा दोष काढत नाही. संशोधकांची परिषद संशोधकांसाठी असते, आणि जगभरची माणसं जमली की इंग्रजीच बोलणार. पण गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाच्या चौकात उभी असलेली शिक्षिका आणि बसने जाण्याच्या अंतरावरची शिक्षण परिषद यांच्यात कसलाच धागा नसावा, हे आज खटकतं.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की याच पवईत भाषेचा प्रश्न ओळखणारं कामही झालं आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात पडद्यावर चित्र तेच राहतं, पण निवेदनाचा आवाज मराठीसह वेगवेगळ्या भारतीय भाषांत मिळतो. किती साधी कल्पना आहे! इंग्रजी नीट न येणारा मुलगाही संगणकाचा एखादा प्रोग्रॅम आपल्या भाषेत ऐकून शिकतो. म्हणजे हे होऊ शकतं. ठरवलं तर होतं.

अक्षर दिसेल तर वाचेल

उर्दू माध्यमाच्या वर्गात तंत्रज्ञान पोचतं तेव्हा पहिला प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा नसतो. पहिला प्रश्न असतो, अक्षर दिसतंय का? उर्दू उजवीकडून डावीकडे, नस्तालीक वळणात लिहितात. आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळं टायपिंग 'इनपेज' या सॉफ्टवेअरमध्ये झालं. त्याच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. त्यातला मजकूर मोबाइलवर चिकटवला की अक्षरांचा चुरा होतो. म्हणून आम्ही पानाचा फोटो काढून पाठवतो. फोटोतलं पान शोधता येत नाही, मोठं केलं की फुटतं, आणि कमी दिसणाऱ्या मुलाचा फोन ते वाचूनही दाखवत नाही. मराठीवाल्यांनी हसू नये. जुन्या फाँटमधली मराठी फाइल उघडल्यावर पडद्यावर काय येतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते आणि त्यात मराठी, उर्दू, हिंदी दोन्ही हातांनी सांभाळाव्या लागतात. पालिकेने २०११ पासून व्हर्च्युअल क्लासरूम सुरू केल्या: स्टुडिओत एक शिक्षक आणि अनेक शाळांत पडदा. २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. बालभारती उर्दूतही पुस्तकं छापते. म्हणजे आपल्याकडे काहीच नाही, ही रड खोटी आहे. पण या वस्तू वर्गात आल्यावर काय झालं, कोणती चालली, कोणती कपाटात गेली, कुठे भाषेने अडवलं, हे लिहून ठेवणारा शिक्षक कुठे आहे? आणि त्याने लिहिलंच, तर ते वाचणारी परिषद कुठे आहे?

दोन वर्षांची वही

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षी परिषदाही पडद्यावर गेल्या. दूरशिक्षणावर बोलणारे लोक पहिल्यांदाच सगळेच्या सगळे एकमेकांपासून दूर बसून बोलत होते.

मी तेव्हा एक वही केली. बेचाळीस मुलं. रकाने असे: फोन कुणाचा, कधी मोकळा, रिचार्ज कधी संपतो, घरात आणखी कोण शिकतं, मूल उर्दू वाचतं की फक्त ऐकतं. पहिल्या महिन्यातच कळलं की सकाळी दहाच्या ऑनलाइन तासाला नऊ-दहाच मुलं येऊ शकतात. मग मी रात्री आवाजी संदेश पाठवायला लागले, पाच-पाच मिनिटांचे, उर्दूत समजावून आणि मराठीत वाचून. सह्याद्री वाहिनीवर 'टिली मिली' सुरू झालं तेव्हा मराठीसाठी ते बघा, असं मुलांना सांगितलं. मला माझं लहानपण आठवलं. पुण्याच्या 'बालचित्रवाणी'चे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे, आणि घरात उर्दू बोलणाऱ्या आम्ही भावंडांनी बरीच मराठी त्यातूनच उचलली होती. १९८४ मध्ये सुरू झालेली ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. तीनच वर्षांनी तिची गरज पडली.

नववीतली एक मुलगी रोज रात्री साडेदहानंतर उत्तरं पाठवायची. वडील रिक्षा लावून घरी आले की फोन तिच्या हातात. मागे प्रेशर कुकरची शिट्टी, लहान भावाचं रडणं, आणि त्यात तिचा आवाज, निबंध वाचणारा. शाळेने वर पाठवलेल्या तक्त्यात मात्र सकाळच्या तासाचीच हजेरी भरायची होती. त्या तक्त्यात ती मुलगी वर्षभर गैरहजर आहे. माझ्या वहीत ती एकशे अकरा दिवस हजर आहे.

दुसऱ्या लाटेनंतर तिचे संदेश थांबले. कुटुंब गावी गेलं, तिकडे रेंज नव्हती, नंतर तिचं लग्न ठरल्याचं कळलं. आज कुठल्या तरी अहवालात ती 'शाळा सोडलेल्या' मुलींच्या आकड्यातली एक असेल. वर्षभर गैरहजर राहिलेली मुलगी गळाली, असं आलेख म्हणेल. मला माहीत आहे की ती शेवटपर्यंत शिकत होती. मोजणारी पट्टीच चुकीच्या वेळी, चुकीच्या ठिकाणी लावली होती.

परिषदेत मला हेच विचारायचं होतं.

तय्यबजी घराण्याबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली. त्यांच्याकडे 'अखबार की किताब' नावाच्या वह्या असत. घरातलं कुणीही, बाया, पुरुष, मुलं, त्यात उर्दूत लिहायचं: आज काय झालं, कोण आलं, कुठे गेलो. आज इतिहास लिहिणारे त्या वह्या उघडून बघतात. १९०३ च्या मंचावरचं भाषण महत्त्वाचं होतंच, पण त्या घरातल्या मुली कशा शिकल्या, हे भाषणापेक्षा वहीत जास्त सापडतं.

म्हणून मी माझ्या वहीवरून सहा पानं लिहिली आहेत. मराठीत. पुढच्या एका परिषदेला पाठवणार आहे. सारांश इंग्रजीत मागितला आहे, तो माझ्या भाचीकडून करून घेतला, पण मूळ पानंही सोबत जोडते आहे. घेतील, न घेतील.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, उर्दूचे, मराठीचे, हिंदीचे, त्यांच्याकडेही त्या दोन वर्षांच्या अशा वह्या असतील. फोनमध्ये आवाजी संदेश असतील. फोन बदलताना ते पुसू नका, आणि वही रद्दीत देऊ नका. आधी एकदा उघडून बघा, तुमच्या तक्त्यात गैरहजर असलेलं कोणतं मूल त्या वहीत हजर आहे.